आयशेनबर्ग, हळदूचं लाकूड आणि गाव सोडण्याचा प्रश्न

दारव्हा तालुक्यातल्या एका तरुणानं प्रश्न पाठवला आहे. त्याचं एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, झालं आहे, एका शाळेत तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवतो, रात्री लिनो, म्हणजे छापा काढायचं मऊ लिनोलियम, कोरतो. तो विचारतो: फ्रिट्झ आयशेनबर्ग जर्मनीतून अमेरिकेत गेला आणि पुस्तकांचा चित्रकार म्हणून नावाजला. त्याची लाकडावरची रेघ इतकी बारीक कशी? तसं काम आपल्याकडच्या लाकडावर, घरात प्रेस नसताना जमेल का? आणि गाव सोडल्याशिवाय या कामात काही होत नाही असं सगळे म्हणतात, आयशेनबर्गही तेच दाखवतो ना?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आयशेनबर्ग मोठं व्हायला गेला नव्हता. त्याला निघावं लागलं.

1901 साली कोलोन शहरात एका ज्यू कुटुंबात तो जन्मला. पहिलं महायुद्ध त्यानं पोरवयात पाहिलं, आणि युद्धाबद्दलचा तिटकारा तिथूनच त्याच्या अंगात मुरला. छापखान्यात उमेदवारी केली, कोलोनच्या उपयोजित कलेच्या शाळेत शिकला, मग लाइपझिगच्या अकादमीत ह्यूगो श्टायनर-प्राग या गुरूकडे गेला. 1923 पासून बर्लिनमध्ये वर्तमानपत्रांसाठी आणि पुस्तकांसाठी चित्रं काढायचा, कधी सोबत मजकूरही स्वतःच लिहायचा. नाझींवर त्यानं उघड टीका केली होती. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला, तेव्हा ज्यू आणि वर टीकाकार अशा माणसाला तिथं थांबणं शक्यच नव्हतं. कुटुंबाला घेऊन तो अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कमध्ये राहिला. पुढं त्याच्या गुरूलाही तीच वाट धरावी लागली. श्टायनर-प्राग 1945 मध्ये न्यूयॉर्कमध्येच वारला.

म्हणून तुमचं पुण्या-मुंबईला जाणं आणि त्याचं देश सोडणं एका तराजूत घालू नका. तुम्ही गेलात तरी पोळ्याला परत येऊ शकता. त्याला ती मुभा नव्हती.

त्याच्याकडून शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. न्यूयॉर्कला पोचला तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता. भाषा परकी, देश मंदीत बुडालेला, चित्रकारांना काम नाही. पण हातातली विद्या तयार होती. छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, कसे जुळतात, शाई कागदावर किती बसते, चित्र मजकुराशेजारी कसं उभं राहतं, हे त्याला पोरवयापासून ठाऊक होतं. लाइपझिगला शिकलेली कोरायची कलम अमेरिकेतल्या लाकडावरही तशीच चालते. तिथल्या सरकारनं 1935 मध्ये बेकारांना काम देणारी योजना काढली, तिच्यात चित्रकारांसाठी वेगळी शाखा होती. आपल्या रोजगार हमीसारखं समजा, फक्त खडी फोडण्याऐवजी चित्रं काढायची आणि मजुरी घ्यायची. आयशेनबर्गनं तिथंही काम केलं. मग पुस्तकांची कामं मिळत गेली. 1943 मध्ये ब्राँटे बहिणींच्या ‘जेन एअर’ आणि ‘वदरिंग हाइट्स’ या कादंबऱ्यांसाठी त्यानं केलेली चित्रं घरोघर पोचली. दस्तयेवस्की आणि टॉलस्टॉय तर त्यानं पुन्हा पुन्हा कोरले.

आता रेघेकडे येतो. तुम्ही ज्या चित्राचा फोटो पाठवला आहे, त्यात ‘वदरिंग हाइट्स’चा नायक हिथक्लिफ वादळात एका झाडाच्या बुंध्याशी उभा आहे. तो मोठा करून बघा. कोटाच्या घड्या, झाडाची साल आणि आभाळातला वारा, सगळं एकाच तऱ्हेच्या रेघांनी केलं आहे. त्यामुळे माणूस झाडातूनच उगवल्यासारखा वाटतो. आणि एकही काळी रेघ त्यानं काढलेली नाही. पांढरी रेघ म्हणजे कलमेची एक चाल. काळं म्हणजे हात न लागलेलं लाकूड. लिनोत तुम्ही काळी रेघ शिल्लक ठेवून आजूबाजूचं कोरून काढता. तो उलट करतो. पाटा, म्हणजे कोरायचा ठोकळा, आधी पूर्ण काळाच समजायचा आणि जिथं उजेड हवा तिथंच हात लावायचा. एक महिना हीच सवय करा. काळ्या कार्डशीटवर पांढऱ्या पेन्सिलीनं रोज अर्धा तास चित्र काढा. डोक्यात हे बसल्याशिवाय लाकूड हातात घेऊ नका.

रेघेच्या बारीकपणाचं अर्धं श्रेय लाकडाला आहे. सुताराकडची फळी उभ्या धाग्याची असते. तिच्यावर बारीक आडवी रेघ कोरायला गेलं की धागा उचकटतो. परसात पऱ्हाट्यांची मोळी असेल ना? बाजूनं पाहिली तर लांब काड्या दिसतात, तोंडाकडून पाहिली तर नुसते ठिपके. खोडाची आडवी चकती घेतली की लाकडाचा तो तोंडाकडचा भाग वर येतो. तिथं धाग्याला दिशाच नसते, म्हणून कलम सगळीकडे सारखी वळते. इंग्लंडमध्ये थॉमस ब्युइकनं अठराव्या शतकाच्या शेवटी ही रीत नावारूपाला आणली. आणखी एक सोय होती. हा पाटा खिळ्यांच्या उंचीचा, म्हणजे सुमारे 23.3 मिलिमीटर केला की चित्र आणि मजकूर एकाच फर्म्यात, म्हणजे लोखंडी चौकटीत, आवळून एकदम छापता येतात. पुस्तकाचा चित्रकार लाकडाकडे वळायचा तो यासाठी. आपल्या तालुक्याच्या प्रेसमध्ये ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाई यंत्रावर, लग्नपत्रिका निघायच्या, तेव्हा गणपतीचा ठोकळा आणि ‘श्री गजानन प्रसन्न’ची अक्षरं एकत्रच आवळली जायची. माझी पहिली नोकरी त्याच ट्रेडलवर होती, म्हणून आयशेनबर्ग मला चित्रकाराआधी छापखान्यातला माणूस वाटतो.

युरोपात या कामाला बॉक्सवुड वापरतात. ते झाड बारीक असतं, त्यामुळे लहान चकत्या चिकटवून मोठा पाटा करावा लागतो. आपल्याकडे मी हळदू वापरतो. पिवळसर, घट्ट, सारख्या पोताचं लाकूड. पूर्वी याच्या फण्या करायचे, त्यावरूनच पोत किती बारीक असेल ते ओळखा. सागवान या कामाला घेऊ नका. त्याची रंध्रं मोठी आहेत, शाई त्यात बसते आणि रेघ फुटते. उभ्या फळीवर मोठ्या पटाशीचं ठसठशीत काम करायचं असेल तर सागवान चालेल, बारीक कलमेला नाही. हळदूसाठी जंगलात कुऱ्हाड घेऊन जायची गरज नाही. तान्ह्या पोळ्याचे नंदी घडवणाऱ्या सुताराशी ओळख ठेवा, परवान्याच्या आरागिरणीत चौकशी करा. तुम्हाला तळहाताएवढा तुकडा पुरे आहे. तेवढा कोणीही देतो.

पण तुकडा मिळाला म्हणून लगेच कोरायला बसू नका. 1994 च्या उन्हाळ्यात मी तेच केलं. ओल्या हळदूची चकती घासली आणि तिच्यावर बाजारात कापसाच्या गाड्या लागल्याचं चित्र कोरलं. चाळीस दिवस गेले. बैलांच्या माना, जुवाची दोरी, धुऱ्याशी उकिडवा बसलेला गाडीवान. मे महिन्यात एका दुपारी खोलीत आवाज आला, सुपारी फुटावी तसा. जाऊन पाहिलं तर पाटा मध्यापासून काठापर्यंत तडकला होता. भेग बरोबर गाडीवानाच्या छातीतून गेली होती. त्या पाट्याचे फक्त दोन प्रूफ निघाले. तेव्हापासून चकतीच्या दोन्ही तोंडांना शेण नाहीतर मेण लावतो आणि कोठ्यात सावलीला, हवा फिरेल अशी दोन वर्षं ठेवतो. आपल्या उन्हात लाकूड काठाकडून आधी सुकतं, आत ओल राहते, आणि त्या ओढाताणीत ते फाटतं. तोंड बंद केलं की ओल हळूहळू निघते. दोन वर्षं थांबायला लागणार म्हणून आजच तुकडे जमवायला लागा आणि तोवर लिनो चालू ठेवा. लिनोला हत्यार नसेल तर छत्रीची जुनी काडी घ्या. तिची पन्हळ आयतीच असते. तोंड दगडावर घासलं आणि मूठ बसवली की झालं. लाकडाला मात्र खरी कलम लागते. सोनार चांदीवर नक्षी कोरतो तशी पोलादी, तळहातात मूठ बसेल अशी. कलम एका जागी धरायची आणि खालचा पाटा फिरवायचा. पाट्याखाली वाळू भरलेली चामड्याची चपटी उशी ठेवतात, ती त्यासाठीच. नवखा माणूस हात वळवतो आणि घसरतो. तुमचं डावं बोट कधीही कलमेच्या पुढं येऊ देऊ नका.

शाईबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो, कारण ती आपल्याच वावरातली आहे. छपाईच्या जुन्या काळ्या शाईत दोनच वस्तू असतात, जवसाचं शिजवलेलं तेल आणि काजळी. सोयाबीन आल्यापासून जवस मागं पडला, पण चटणीपुरता अजून घरोघर असतो. तेल मंद आचेवर घट्ट होईपर्यंत शिजवतात. कुठवर, ते साखरेच्या पाकासारखं बघायचं. थंड केलेला थेंब दोन बोटांत धरून बोटं लांब करायची. तार आली की शाईचं तेल झालं. मग घोटीव फरशीवर काजळी घेऊन त्यात थेंबथेंब तेल घालत खलायचं. काजळी हलकी आणि हट्टी असते, तेल धरायला वेळ लावते. पहिला अर्धा तास काहीच होत नाही असं वाटतं, आणि मग एकदम लोण्यासारखं मिसळतं.

पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हे तेल घरात शिजवू नका. फार तापलं की पेट घेतं. उघड्यावर करा, शेजारी झाकण आणि कोरडी माती ठेवा, पेटलं तर पाणी ओतू नका. आणि तेल पुसलेल्या चिंध्या कधीही बोळा करून टाकू नका. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि तसं होताना तापतं. बोळ्यातली उष्णता बाहेर पडली नाही की चिंधी आपोआप पेटते. आपल्या घरांत खोलीभर कापूस रचलेला असतो. चिंध्या उन्हात पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं नागपुरातून काळ्या शाईचा डबा आणा आणि घरची शाई एकदाच करून बघा, म्हणजे डब्यात काय आहे ते हाताला कळेल.

प्रेस नसली तरी चालतं. पाट्यावर रोलरनं शाई पातळ लावायची, इतकी पातळ की रोलर फिरताना सळसळ ऐकू येईल. चिकट चटचट आवाज आला तर शाई जास्त झाली. वर पतंगाच्या कागदासारखा पातळ, चिवट कागद ठेवायचा आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं गोल गोल घासायचं. कागदातून काळेपणा दिसू लागतो, जिथं फिका वाटेल तिथं परत घासायचं. तळहाताएवढ्या चित्राला दहा मिनिटं लागतात. दिवसाला तीस-चाळीस छापे निघाले तर भरपूर झाले. हातकागदाचे प्रयोग आपल्या वर्ध्यात मगनवाडीलाही झाले होते. पण जाड खरखरीत हातकागद चमच्याला दाद देत नाही, त्याला प्रेसचा दाब हवा. सुरुवातीला पातळच घ्या.

हे तीस-चाळीस छापे कोणासाठी, हा मला खरा प्रश्न वाटतो. आयशेनबर्गच्या आयुष्यातला सगळ्यात मोलाचा भागही इथंच आहे.

1937 मध्ये त्याची बायको अचानक वारली. परका देश, पदरात लेकरू, तो पार खचला. काही काळ त्यानं झेन ध्यानाचा आधार घेतला. 1940 मध्ये तो क्वेकर झाला. युद्धाला ठाम नकार देणारा हा पंथ. पुढं 1949 मध्ये त्याची डोरोथी डे या बाईंशी भेट झाली. 1933 मध्ये, म्हणजे आयशेनबर्ग अमेरिकेत उतरला त्याच वर्षी, डोरोथी डे यांनी ‘कॅथलिक वर्कर’ नावाचं वर्तमानपत्र काढलं होतं. किंमत एक सेंट. वर्तमानपत्राबरोबर बेघर, बेकार माणसांसाठी जेवणाची आणि निवाऱ्याची घरंही चालवली. त्यांना चित्रं हवी होती, कारण ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत चित्रच पोचतं. आयशेनबर्गनं पुढं कित्येक वर्षं त्या वर्तमानपत्राला चित्रं दिली, पैसे न घेता. तो ज्यू कुटुंबातला क्वेकर, त्या कॅथलिक. मध्ये काही आडवं आलं नाही.

त्यातलं एक चित्र माझ्या खोलीच्या भिंतीवर बरीच वर्षं आहे, साधी झेरॉक्स. अन्नासाठी रांग लागली आहे, थंडीत अंग आवळून माणसं उभी आहेत, आणि त्या रांगेतच मधोमध येशू उभा आहे. वाढायला नव्हे, घ्यायला. शेजारच्या काकू एकदा रेशन घेऊन येताना सावलीला टेकल्या. शाळेत कधी न गेलेल्या. बराच वेळ त्या चित्राकडे बघत होत्या.

“हे कोन्या गावची लाइन होय भाऊ?”

“अमेरिकेतली, काकू.”

“अन् मधातला हा देवमानूस दिसते. याले त पुढं जाऊ द्या लागत होतं. काहून उभं ठेवलं?”

मी म्हटलं, तो स्वतःहून थांबला आहे. काकूंनी पिशवी उचलली, परत एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “मंग बराबर हाय.” येशू कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. लाकूड, कलम, आडवी चकती, यातलं काही ठाऊक नव्हतं. चित्र मात्र त्यांनी पूर्ण वाचलं. छाप्याच्या चित्राची याहून मोठी परीक्षा मला माहीत नाही. खरं सांगायचं तर आयशेनबर्गची काही पुस्तकचित्रं मला जरा नाटकी वाटतात, डोळे फार विस्फारलेले, वारा फार सुटलेला. या रांगेत तसं काही नाही. जो माणूस स्वतः सगळं सोडून आला होता, त्याला रांगेत उभं राहणं काय असतं ते दाखवायला आरडाओरड करावी लागली नाही.

आपल्याकडचीही दोन नावं सांगतो. दांडी यात्रेला निघालेले काठीधारी गांधीजी तुम्ही शंभर वेळा पाहिले असतील. ते नंदलाल बोस यांचं 1930 चं लिनोकट. थोड्या पांढऱ्या रेघा, बाकी काळं, तरी चाल ओळखू येते. दुसरे चित्तप्रसाद. बंगालचा माणूस, 1943 च्या दुष्काळात गावोगाव फिरून भुकेल्या माणसांची चित्रं काढली. त्या चित्रांची पुस्तिका इंग्रज सरकारनं जप्त करून जाळली. नंतर मुंबईत आला आणि अंधेरीच्या लहानशा घरात लिनो कोरत राहिला. स्थलांतरित छापचित्रकार शोधायला जर्मनीपर्यंत जायची गरज नाही, तो आपल्या राज्यातही होता.

आता जायचं की नाही. शिकायला नक्की जा. नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय जवळ आहे, मुंबईला जे.जे. आहे, बडोदा आणि शांतिनिकेतनला छापचित्राची मोठी परंपरा आहे. प्रेसवर दुसऱ्याचा हात चालताना बघणं पुस्तकातून मिळत नाही. मी स्वतः मुंबईत सहा वर्षं काढली आणि वडिलांचं दुखणं वाढलं म्हणून परत आलो. सुरुवातीला मलाही ते हरल्यासारखं वाटलं. आज वाटत नाही, कारण मी जे कोरतो ते बघणारी माणसं इथं आहेत. वेचणीच्या बाया, आठवडी बाजारातले हमाल, संध्याकाळी पारावर बसणारे म्हातारे. बैलाच्या मानेची रेघ चुकली तर ते सांगतात, आणि बरोबर सांगतात. एकदा एका म्हाताऱ्यानं मला जुवाची शिवळ उलटी कोरल्याचं दाखवून दिलं. मी तो पाटा पुन्हा नव्यानं कोरला. मुंबईत ती चूक कोणी पकडली नसती.

तुम्हीही शिकून कुठं राहायचं ते तेव्हा ठरवा, आताच नको. पण गाव सुटलं म्हणून आयशेनबर्ग घडला असं धरून चालू नका. जे हातात घेऊन तो निघाला ते आधीच घडलेलं होतं. पुढं त्याला नवे सोबती लागले, आणि ते त्यानं स्वतः जमवले. 1956 पासून त्यानं न्यूयॉर्कमध्ये प्रॅट इन्स्टिट्यूटचं छापचित्राचं केंद्र चालवलं, कारण प्रेस महाग आणि जड असते, ती एकट्याला परवडत नाही. नंतर ऱ्होड आयलंड विद्यापीठाच्या कलाविभागाचं प्रमुखपद सांभाळलं आणि त्याच राज्यात 1990 मध्ये, 89 व्या वर्षी वारला. सामायिक कार्यशाळा आपल्याकडेही अशक्य नाही. ऑफसेट आल्यावर तालुक्यातालुक्यातली ट्रेडल मशिनं किलोच्या भावानं भंगारात गेली, तरी काही अजून गोदामात गंजत पडली आहेत. पाचजणांनी मिळून एक घेतली, तेलपाणी केलं आणि रोलर नवे ओतून घेतले, तर तिच्यावर तळहाताएवढा पाटा उत्तम छापतो. मालकाला आधी विचारा की लोखंडी फर्मे सोबत देणार का, कारण ते आधी विकले जातात आणि नंतर मिळत नाहीत.

माझ्याकडे हळदूच्या तीन चकत्या सुकत आहेत. गेल्याच्या गेल्या पोळ्याला तोंडं बंद करून ठेवलेल्या. दोन माझ्या कामाला लागतील. तिसरी सुमारे चार इंचांची आहे, काठाला एक बारीक गाठ आहे पण मधला भाग स्वच्छ आहे. दिवाळीच्या सुट्टीत आर्वीकडे येणं झालं तर घेऊन जा. येताना तुमचे लिनोचे पाटे आणा, फक्त छापे नकोत. कलम कुठं घसरली ते पाट्यावरच दिसतं.